सायकलने माणूस पाडला तर कायदा नेमका काय करतो?

आमची आत्या रोज सकाळी सहाला फिरायला निघते. सोसायटीच्या गेटमधून बाहेर, फुटपाथने डेअरीपर्यंत, तिथून दूध घेऊन परत. मागच्या दिवाळीच्या आधी अशीच दुधाची पिशवी घेऊन येत होती आणि मागून एक मुलगा सायकलवर आला, गियरची सायकल, कानात इअरफोन. तो फुटपाथवर चढला होता कारण रस्ता खोदून ठेवलेला आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर समोरून राँग साइडने टू-व्हीलर येत होत्या. त्याचं हॅन्डल तिच्या पिशवीच्या बंदात अडकलं आणि ती उजव्या कुशीवर पडली. खुबा मोडला. वय ७२.

मुलगा पळाला नाही, हे मुद्दाम सांगतेय. सोळा-सतरा वर्षांचं पोर, तिथेच उभं राहून रडत होतं, रिक्षाही त्यानेच थांबवली. त्याचे वडील दुपारी हॉस्पिटलमध्ये आले, पंचवीस हजार दिले आणि बाकीचं बघतो म्हणाले. बिल झालं २ लाख ८० हजार, बॉल बदलावा लागला. मेडिक्लेममधून साधारण अर्धे सुटले, उरलेले घरातून गेले. चौथ्या दिवशी मी चौकीत गेले. हवालदार काही वाईट वागले नाहीत, खुर्ची दिली, पाणी विचारलं, लिहायला पेनही घेतलं, पण कुठली गाडी म्हटल्यावर मी सायकल सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मोटारसायकल असती तर लगेच घेतलं असतं, सायकलचं काय घ्यायचं, आपसात मिटवून टाका."

त्या पोराला जेलमध्ये टाका असं मला कधीच म्हणायचं नव्हतं आणि आजही नाही. पण आत्याच्या मोडलेल्या हाडाची कुठे नोंदच होऊ शकत नाही हे काही पटेना. म्हणून एका वकील मैत्रिणीला धरून दोन-तीन रविवार बसले, कलमं वाचली, तिला हजार प्रश्न विचारले आणि जे समजलं ते इथे साध्या भाषेत लिहितेय, महाराष्ट्रापुरतं, कारण पोलिसांचे वाहतुकीचे अधिकार राज्याच्या कायद्यातून येतात.

सायकलला कायदाच नसतो?

खूप जणांना असं वाटतं, आणि ते अर्धं खरं आहे म्हणूनच घोळ होतो.

आपण ज्याला ट्रॅफिकचा कायदा म्हणतो तो म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, हेल्मेट, सिग्नल तोडल्याचा दंड, सगळं त्यातलं. या कायद्यात वाहन म्हणजे यंत्राच्या जोरावर चालणारं वाहन. सायकल पायाच्या जोरावर चालते, त्यामुळे ती या कायद्याच्या दाराबाहेरच राहते. कमी ताकदीच्या इलेक्ट्रिक सायकलीही बाहेर. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि वजनाच्या वगैरे बाकी अटी पाळलेल्या असतील तर ना नोंदणी, ना लायसन्स, ना नंबरप्लेट.

इथेच बहुतेक जण थांबतात, चौकीतले हवालदारही इथेच थांबले. पण रस्त्यावर चालणारा हा एकच कायदा नाहीये.

दुसरा आहे महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चा, पूर्वी त्याला मुंबई पोलीस कायदा म्हणायचे. त्यात वाहनाची जी व्याख्या आहे तिच्यात हातगाडी आहे, छकडा आहे आणि बायसिकल, ट्रायसिकल अगदी नावानिशी आहेत. त्यातलं ३३ वं कलम पोलीस आयुक्तांना आणि जिल्ह्यात मॅजिस्ट्रेटना वाहतुकीचे नियम करायचा अधिकार देतं, रस्त्यावर चालणारे, गाडी हाकणारे, सायकल चालवणारे, गुरं नेणारे, सगळ्यांसाठी. रात्री वाहनाला किती दिवे हवेत आणि कुठे हवेत हेसुद्धा त्याच कलमाखाली ठरवता येतं. ९९ वं कलम सांगतं की रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला, तसंच कारण असल्याशिवाय उजवीकडे जाऊ नका, आणि तेही सायकलला लागू आहे, कारण तिथे वाहन म्हणजे नुसती मोटार नव्हे.

आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे भारतीय न्याय संहिता, जी १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी आली. तिचं २८१ वं कलम म्हणजे जुनं २७९. जो कोणी सार्वजनिक रस्त्यावर कुठलंही वाहन हयगयीने किंवा अविचाराने चालवेल आणि त्यामुळे माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा दुखापत व्हायची शक्यता असेल, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. यात मोटार हा शब्दच नाही! कुठलंही वाहन म्हटलंय. मग १२५ वं कलम, हयगयीमुळे साधी दुखापत झाली तर सहा महिने किंवा पाच हजार, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षं किंवा दहा हजार. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापतच. आणि माणूस दगावला तर १०६ (१), पाच वर्षांपर्यंत. धडक देऊन पळून गेल्याबद्दल दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं जे १०६ (२) होतं, ज्याच्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला, ते लागूच न करता बाजूला ठेवलेलं आहे.

म्हणजे आत्याची तक्रार घेता येत होती. २८१ आणि १२५ (ब), म्हणजे गंभीर दुखापतीचा भाग, दोन्ही दखलपात्र, म्हणजे कोर्टाला न विचारता पोलिसांना दखल घेता येते असे, आणि दोन्ही जामीनपात्र. मुलगा अठराच्या आतला म्हणून त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं असतं, तिथे समज देणं, समुपदेशन, समाजसेवा असले मार्ग असतात, कोणी त्याला कोठडीत डांबलं नसतं. मैत्रीण म्हणाली की अपघाताच्या फिर्यादीत ते ठरलेलं वाक्य असतं ना, "रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने व भरधाव वेगाने वाहन चालवून", त्यात वाहनाच्या जागी सायकल लिहायला कायद्याची काहीच आडकाठी नाही, आडकाठी सवयीची आहे.

सवय कुठे गेली

कारण एके काळी ही सवय होती, आणि चांगली कडक होती. आमचे बाबा सांगतात, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, दरवर्षी कर भरायचा आणि नवीन बिल्ला घ्यायचा, पत्र्याचा छोटासा, तो सायकलला स्क्रूने बसवायचा. चौकात तपासणीवाले उभे, बिल्ला नसला की सायकल जप्त. रात्री दिवा नसला की पोलीस अडवणार, उतरून हातात धरून चालत जायला लावणार. डायनॅमो बिघडला म्हणून बाबा एकदा डाव्या हातात बॅटरी धरून एका हाताने सायकल चालवत आले होते, पुण्यात त्या काळी हे सगळ्यांनीच केलंय म्हणतात. डबलसीट दिसली की दोघांना खाली उतरवून सरळ चाकातली हवा सोडायची, कधी व्हॉल्व्हच काढून घ्यायचे, मग पंक्चरवाल्यापर्यंत सायकल ढकलत न्यायची.

हवा सोडणं काही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, ते चूकच होतं. पण एक गोष्ट होती की चौकातल्या पोलिसाच्या नजरेत सायकल हे वाहन होतं. पुढे सायकली कमी झाल्या, बिल्ला बंद पडला, शहर स्कूटर आणि मोटारसायकलवर गेलं आणि पोलिसाचं कामही तिकडे गेलं. आता तर पावतीपुस्तक जाऊन ई-चलानचं मशीन आलंय आणि त्या मशीनचं सगळं काम गाडीच्या नंबरावर चालतं. सायकलला नंबर नाही. सिग्नल तोडून झेब्रावरच्या माणसांमधून सायकल काढणारा समोर दिसतोय, पोलीस शिट्टी मारतो, तो थांबला तर दोन शब्द सुनावतो, नाही थांबला तर पुढे काहीच नाही. पोलीस कायद्याखाली कारवाई करायची तर वेगळा खटला पाठवावा लागतो, एवढी यातायात कोण करेल, त्याच वेळात पन्नास बिनहेल्मेटवाले मशीनमध्ये येतात.

पोलिसांनी ठरवलं की मात्र ३३ वं कलम बरोबर कामाला येतं, फक्त ते नेहमी एकाच दिशेने, सायकलीला बंदी घालायला. वांद्रे-वरळी सी लिंकवर सायकल नाही, मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर नाही. महाराष्ट्राबाहेर कोलकाता पोलिसांनी तर २०१३ मध्ये तिथल्या १७४ रस्त्यांवर सायकल बंद केली होती, दूधवाले, पेपरवाले, कामगार सगळे रस्त्यावरून हटले. बंदीचा नियम होऊ शकतो तर फुटपाथवर सायकल कशी न्यायची, शाळेसमोर किती सावकाश न्यायची याचाही होऊ शकतो.

पैशाचं काय

आता सगळ्यात दुखरा भाग. मला वाटतं शिक्षेपेक्षा हेच जास्त महत्त्वाचं आहे आणि याच्यावर कोणी बोलत नाही.

समजा आत्याला सायकलऐवजी स्कूटरने पाडलं असतं. तोच फुटपाथ, तेच हाड. मग स्कूटरला थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा असतो, त्यामुळे भरपाई द्यायला एक कंपनी उभी असते. दावा चालवायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं, तिथे कोर्ट फी नाममात्र, पद्धत त्यातल्या त्यात सोपी, वकील सहज मिळतो. स्कूटरवाला पळून गेला आणि सापडलाच नाही तरी सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख. मे २०२५ पासून तर अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार आहेत. मुलगा अठराच्या आतला असता तर गाडी हातात दिली म्हणून वडील किंवा गाडीचा मालक जबाबदार, २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, ही २०१९ ची दुरुस्ती.

सायकल म्हटलं की यातलं एकही नाही. एकूण एक तरतूद मोटार वाहनाच्या अपघाताला बांधलेली आहे. सायकलला इन्शुरन्स सक्तीचा नाही. न्यायाधिकरणात जाता येत नाही. दीड लाखाची योजना नाही. राहतं काय तर दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा, रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरून, आणि तो जिंकलात तरी वसूल कोणाकडून करणार, समोर सोळा वर्षांचा मुलगा. आईवडिलांवर आपोआप जबाबदारी येत नाही, त्यांची स्वतःची हयगय दाखवावी लागते, म्हणजे ब्रेक नसलेली सायकल दिली, सांगूनही लक्ष दिलं नाही असं काहीतरी. आणि पुष्कळदा सायकलवाला असतो सकाळी पेपर टाकणारा पोरगा नाहीतर बांधकामावरचा वॉचमन, त्याच्याकडे अडीच लाख कुठून येणार? त्याच्यावर हुकूमनामा झाला तर दोन घरं उद्ध्वस्त होतात, भरपाई काही कोणाला मिळत नाही.

एक वाट आहे, फौजदारी कोर्टाने दंड केला तर त्यातून जखमी माणसाला भरपाई द्यायचा हुकूम करता येतो, नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, ३९५ वं कलम. पण त्यासाठी आधी गुन्हा दाखल हवा, आणि पेन तर खाली ठेवलेलं.

अजून एक विचारलं जातं, चालणारा स्वतःच सायकल ट्रॅकमध्ये आला असेल तर? भरपाईच्या दाव्यात दोघांची चूक किती टक्के हे बघितलं जातं आणि तेवढी रक्कम कमी होते. फौजदारीत मात्र समोरच्याचीही चूक होती एवढ्यावर सुटका होत नाही, तुमची हयगय होती का नाही हाच प्रश्न राहतो.

सायकल लागून असं काय होतं

हे वाक्य मला हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेल्या कमीत कमी सहा जणांनी ऐकवलं, म्हणून थोडा हिशोब सांगते. सायकलवाला आणि सायकल मिळून ९० किलो धरा, स्पीड ताशी २०, जो गियरच्या सायकलवर सहज येतो. आता एखादी वस्तू उंचावरून सोडली आणि जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी २० हवा असेल तर ती साधारण दीड मीटरवरून सोडावी लागते. म्हणजे ती टक्कर किती मोठी तर दीड मीटरवरून ९० किलो खाली यावं एवढी, फक्त आडवी. ताशी २५ ला ती उंची अडीच मीटर होते, स्पीड पाचने वाढला आणि जोर दीडपटीच्या वर गेला. त्यात खरी इजा बऱ्याचदा सायकलीची नसतेच, जमिनीची असते. म्हातारं माणूस बेसावध असताना आडवं पडतं, हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही, खुबा जातो नाहीतर डोकं आपटतं.

थांबायचा हिशोबही बघा. माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. ताशी २० ला त्या एका सेकंदात साडेपाच मीटर संपतात, मग ब्रेक बरे असतील तर अजून पाच, म्हणजे दहा-साडेदहा मीटर. ताशी १२ ला हेच सगळं पाच मीटरच्या आसपास आटपतं. आपल्या फुटपाथवर दहा मीटरमध्ये एक सोसायटीचं गेट, एक झाड, एक पाणीपुरीवाला आणि एक दुकानातून अचानक बाहेर येणारं गिऱ्हाईक असतं, मग तिथे २० ने सायकल न्यायची म्हणजे नशिबावरच सोडायचं. आणि इअरफोनचं सोडा, घंटी वाजवणाऱ्यांनाही सांगायचंय की मागून घंटी ऐकू आली की म्हातारी माणसं नेमकी गोंधळून बाजू बदलतात, आत्याच्या ग्रुपमधल्या सगळ्या बायका हेच म्हणतात.

तरीपण मोठं चित्र विसरून चालणार नाही. २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातात १,७२,८९० माणसं गेली आणि त्यातली ३५,२२१ पायी चालणारी होती. त्यांना मारणाऱ्या गाड्या जवळपास सगळ्या इंजिनाच्या. सायकलवालेही त्याच गाड्यांखाली मरतात, म्हणून तर तो फुटपाथवर चढतो. पुण्यात रस्त्याकडेला सायकल ट्रॅक आहेत, जंगली महाराज रस्त्यावर आहे, सातारा रस्त्यावर तर कधीपासूनचा आहे, पण नीट बघितलं तर ट्रॅकच्या तोंडाशीच खांब, मध्ये लाइटचा डीपी बॉक्स, पुढे लावलेल्या मोटारसायकली, आणि जिथे ट्रॅक बरा आहे तिथे लोक चालतात, कारण फुटपाथपेक्षा तो सपाट आहे. मग सायकलवाला फुटपाथवर, चालणारा ट्रॅकवर, मोटारसायकल दोन्हीकडे, आणि धडक झाली की भांडतात कोण तर ज्या दोघांना खरं म्हणजे जागाच दिलेली नाही ते. आत्याच्या वेळेस त्या खोदकामावर बाजूने जायला एक फळी जरी टाकली असती तरी तो मुलगा फुटपाथवर आला नसता, असं मला राहून राहून वाटतं.

जपानने काय केलं

माझा एक शाळेतला मित्र बरीच वर्षं टोकियोत निशी-कासाईला राहतो, तिथे आपली मराठी मंडळी खूप आहेत. त्याला हा सगळा प्रकार सांगितला तर तो म्हणाला, आमच्याकडे सायकलवाल्याचा इन्शुरन्स विचारतात. मग मी तिकडचं वाचत बसले, आणि त्यांचा आणि आपला प्रश्न इतका सारखा आहे की नवल वाटलं.

जपानमध्ये १९७० मध्ये मोटारी इतक्या वाढल्या की सायकलवाले मरायला लागले म्हणून कायदा बदलून सायकलींना ठराविक फुटपाथवर जायची मुभा दिली. तात्पुरता उपाय, पण सवय पक्की झाली. सगळं शहर फुटपाथवरून सायकली न्यायला लागलं आणि चालणाऱ्यांना धडका बसू लागल्या. मग २००८ मध्ये कोबे शहरात रात्रीच्या वेळी उतारावरून सायकलने येणाऱ्या ११ वर्षांच्या मुलाने ६२ वर्षांच्या एका बाईंना समोरून धडक दिली, त्या कायमच्या बेशुद्ध राहिल्या. २०१३ मध्ये कोबे जिल्हा न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरायला सांगितले, आपले पाच कोटींच्या वर. मुलाला नीट समजावलं नाही, लक्ष ठेवलं नाही, म्हणून जबाबदारी आईची. साध्या घरातली आई एवढे पैसे आणणार कुठून, आणि त्या बाईंच्या घरच्यांनी आयुष्यभराचा खर्च कसा करायचा, दोन्हीकडून प्रश्न तोच जो आपल्याकडे आहे.

पण कोबे ज्या ह्योगो प्रांतात आहे त्या प्रांताने २०१५ मध्ये स्थानिक नियम केला, सायकल चालवायची तर दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा काढायचाच. देशातला असा पहिला. मग एकेक प्रांत मागून आला, टोकियोत एप्रिल २०२० पासून सक्ती झाली. गंमत म्हणजे न काढल्याबद्दल ह्योगोने दंड ठेवला नाही, नियमाने फक्त अपेक्षा पक्की केली आणि दुकानं, शाळा, विमा कंपन्या कामाला लागल्या. मित्राने त्याच्या सायकलचा फोटो पाठवला, सीटखालच्या दांड्यावर एक छोटं स्टिकर आहे, टीएस मार्क म्हणतात त्याला. दुकानातला परवानाधारक मेकॅनिक ब्रेक, दिवा, चाकं तपासतो, ठीक असेल तर स्टिकर लावतो आणि त्या स्टिकरसोबतच वर्षभराचा विमा येतो. तपासणी आणि विमा एकाच कागदात, हे मला फार आवडलं, आपला बिल्ला होता त्याच जागी पण कर भरल्याची खूण म्हणून नाही तर समोरच्याची सोय म्हणून.

आणि दंडाचंही त्यांनी हळूहळू केलं. आधी नुसती समज, मग गंभीर गोष्टींना खटला, आणि १ एप्रिल २०२६ पासून सायकलींना जागेवर पावती, निळं तिकीट म्हणतात, फक्त १६ वर्षं आणि त्यावरच्यांना. मोबाइल हातात धरून सायकल चालवली तर १२ हजार येन, सिग्नल तोडला किंवा उलट्या बाजूने गेलात तर ६ हजार, दिवा नाही तर ५ हजार, डबलसीट ३ हजार. फुटपाथवर नेल्यालाही ६ हजार आहेत, पण तिथल्या पोलिसांनी आधीच जाहीर केलंय की नुसतं फुटपाथवर दिसलात म्हणून पावती नाही, चालणाऱ्यांना धोका होईल असं जोरात नेलंत तर. १३ च्या आतली मुलं आणि ७० वर्षं व त्यापुढची माणसं फुटपाथवरून नेऊ शकतात, पण अगदी सावकाश, रस्त्याच्या कडेच्या बाजूने, आणि चालणाऱ्यांना बाजूला करायला घंटी वाजवायची नाही, तोही नियमभंग आहे. चालणाऱ्याची वाट आधी, तुम्ही थांबा.

इंग्लंडची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगते. लंडनमध्ये २०१६ ला पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलने एका बाईंना धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. सायकलवाल्यावर लावायला धड कलमच सापडेना, शेवटी १८६१ चं घोडागाडीच्या काळातलं कलम काढलं, ज्यात जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि त्याला अठरा महिने झाले. आपलं २८१ कलम त्या मानाने स्वच्छ आहे. वापरत नाही एवढंच.

मग आपल्याकडे काय होऊ शकतं

सायकलला लायसन्स आणि नंबरप्लेट लावा म्हणणारे बरेच भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. त्याने शाळेत जाणारी मुलगी आणि कामाला जाणारा वॉचमन आधी अडकतील, आणि सायकल सोडून सगळे गाडीवर जातील, म्हणजे आत्याला धोका वाढेलच.

त्यापेक्षा एक दार आत्ता उघडं आहे. मोटार वाहन कायद्यातच २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ (१अ) आलं. त्याने राज्य सरकारला इंजिन नसलेली वाहनं आणि पायी चालणारे यांच्यासाठी नियम करता येतात. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की हे नियम केले नसतील तर सहा महिन्यांत करा. या नियमांमध्ये सायकलीचा दिवा, फुटपाथवरचा वेग, खोदकाम चालू असताना पर्यायी वाट, हे सगळं येऊ शकतं. नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी निघतो तेव्हा एक पान लिहून पाठवा, ज्येष्ठ नागरिक संघाने पाठवावं, सायकल क्लबने पाठवावं, शक्यतो दोघांनी मिळून एकच पाठवावं.

विम्याची सक्ती नसली तरी वाट आहे. घराच्या पॅकेज पॉलिसीमध्ये सार्वजनिक दायित्वाचा भाग असतो, म्हणजे तुमच्यामुळे तिऱ्हाइताला इजा झाली तर, त्यात कुटुंबातल्या मुलाची सायकल बसते का हे एजंटला विचारून लेखी घ्या. ज्यांची मुलं गियरच्या सायकलवर क्लासला जातात त्यांनी तरी नक्की.

आणि असं काही कोणाच्या घरी घडलंच तर पहिल्या तासात काय करायचं ते. सायकलवाल्याचं नाव, आईवडिलांचा फोन घ्या, भांडू नका, त्याच्याही हाताला लागलेलं असतं, तेही बघा. जागेचा फोटो काढा, सायकलचा, ब्रेकचा, खोदकामाचा. जवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही त्याच दिवशी मागा, थोड्या दिवसांनी त्यावर दुसरं रेकॉर्डिंग चढतं. ११२ ला फोन केलात तर कॉलची नोंद राहते. चौकीत पेन खाली ठेवलं तर २८१ आणि १२५ म्हणा, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का घ्या. तरी घेतलं नाही तर तोच अर्ज पोस्टाने उपायुक्तांना किंवा एसपींना पाठवता येतो.

पण या सगळ्याच्याही आधी कॅज्युअल्टीमध्ये डॉक्टर विचारतात ना, कसं झालं? तेव्हा घाबरलेला माणूस "पडली" एवढंच म्हणतो, आणि ते तसंच कागदावर जातं. नीट सांगा की सायकलची धडक बसून पडली, वेळ आणि जागा सांगा, आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची हॉस्पिटलमधली नोंद, करायला लावा, कारण पोलीस, विमा, कोर्ट सगळे पहिला तोच कागद मागतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. आत्या आता वॉकर सोडून काठीवर आलीय, डेअरीपर्यंत जाते, फुटपाथच्या आतल्या बाजूने, भिंतीला धरून. तिचं डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे फाइलमध्ये आहे, आणि त्याच्यावर डॉक्टरांच्या अक्षरात अजून तेच लिहिलेलं आहे, सकाळी चालताना तोल जाऊन पडल्या.